स्ट्रीमर यादीतून नाहीसा झाला म्हणून लगेच रीसेट करू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक सदरात एका वाचकाने विचारले होते की, घरातील संगीतव्यवस्थेला जोडलेला नेटवर्क स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणारे उपकरण) मोबाईलवरील ॲपच्या यादीतून अधूनमधून नाहीसा होतो, त्यावर काय करावे. सदरलेखकांचे उत्तर तीन ओळींचे होते : राउटर बंद करून चालू करा, स्ट्रीमर बंद करून चालू करा आणि तरीही तो दिसला नाही तर फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळी सेटिंग पुसून तो मूळ स्थितीत न्या. पहिल्या दोन सूचनांनी स्ट्रीमर बहुतेक वेळा परत दिसू लागतो, हे खरे आहे; परंतु तो का नाहीसा झाला होता हे कळण्याची संधी त्याच क्षणी हातची जाते आणि थोड्या दिवसांनी तीच रड पुन्हा सुरू होते. तिसरी सूचना तर मला सरळसरळ नुकसानकारक वाटते. या दोषाने त्रासलेले वाचक पुष्कळ असतील असे गृहीत धरून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

हा दोष असलेल्या घरात एक दृश्य हमखास पाहायला मिळते. स्पीकरमधून गाणे व्यवस्थित चालू असते, स्ट्रीमरच्या छोट्या पडद्यावर सेकंद पुढे सरकत असतात, मागे लॅन केबल खोचलेल्या जागेजवळचा हिरवा दिवा लुकलुकत असतो. आणि हातातल्या मोबाईलवर मात्र एक चक्र गरगरत राहते व शेवटी ‘एकही उपकरण आढळले नाही’ अशी पाटी झळकते. गाणे ऐकू येते, पण ते थांबवता येत नाही की त्याचा आवाज कमी करता येत नाही. याचे कारण असे की, हल्लीच्या बऱ्याचशा पद्धतींत मोबाईलचे काम फक्त रिमोटचे असते. कोणते गाणे लावायचे एवढे तो सांगतो. पुढे ते गाणे इंटरनेटवरून किंवा घरातल्या सर्व्हरवरून स्ट्रीमर स्वतःच ओढून घेतो. (एअरप्ले या ॲपलच्या पद्धतीने मोबाईलमधूनच गाणे पाठवले जात असेल तर गोष्ट निराळी, तिथे मोबाईलचा संबंध तुटला की गाणेही थांबते.) तेव्हा गाणे अखंड चालू असेल तर स्ट्रीमर जिवंत आहे, त्याला आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) मिळालेला आहे आणि त्याचे नेटवर्कही सुरू आहे, एवढे धरून चालायला हरकत नाही. तो तिथे आहे ही खबर तेवढी मोबाईलपर्यंत पोहोचत नसते.

ही खबर पोहोचवण्याच्या दोन पद्धती घरगुती उपकरणांत प्रामुख्याने दिसतात. पहिली एमडीएनएस. ॲपलने २००२ मध्ये आणलेल्या आणि पुढे ‘बोंजूर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या तंत्राचा ती भाग आहे. २०१३ मध्ये ती आरएफसी ६७६२ या क्रमांकाचे इंटरनेट मानक म्हणून अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. एअरप्ले, गूगल कास्ट आणि स्पॉटिफाय कनेक्ट यांचा शोध हिच्यावर चालतो. दुसरी एसएसडीपी. यूपीएनपी किंवा डीएलएनए असे ज्यांच्या खोक्यावर छापलेले असते ती उपकरणे हिच्या आधाराने एकमेकांना शोधतात. दोन्हींत मध्यवर्ती नोंदवही अशी कुठेच नसते. ‘कोण कोण आहे?’ अशी हाक ॲप एका ठरावीक सामाईक पत्त्यावर देते. हा पत्ता एमडीएनएससाठी २२४.०.०.२५१ आणि एसएसडीपीसाठी २३९.२५५.२५५.२५० असा असतो. ज्यांना ती हाक ऐकू येते ते उत्तर देतात. शिवाय स्ट्रीमरही मधून मधून आपण होऊन आपली उपस्थिती जाहीर करत असतो. एकाच वेळी अनेकांना उद्देशून केलेल्या अशा प्रक्षेपणाला मल्टिकास्ट म्हणतात. थोडक्यात, ॲपमधली यादी वर्गातल्या हजेरीसारखी असते : मुलगा बाकावर बसलेला असला तरी त्याचे ‘हजर’ गुरुजींच्या कानी पडले नाही, तर पटावर गैरहजेरीच लागते.

या नोंदींना मुदतही असते. एमडीएनएसमध्ये उपकरणाच्या पत्त्याची नोंद साधारणपणे १२० सेकंद आणि इतर बहुतेक नोंदी ७५ मिनिटे ग्राह्य धरल्या जातात. एसएसडीपीमध्ये ही मुदत उपकरण स्वतः कळवते आणि ती बऱ्याचदा १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास असते. उपकरण रीतसर बंद केले तर ते निरोपाचा संदेश पाठवून जाते आणि यादीतून लगेच उतरते. प्लगच ओढला तर निरोप द्यायला सवड मिळत नाही, त्यामुळे बंद पडलेल्या स्ट्रीमरचे नाव यादीत काही काळ भुतासारखे रेंगाळते. यादी अशी दोन्ही बाजूंनी चुकू शकते, म्हणून तिच्यावर विसंबून स्ट्रीमरच्या प्रकृतीविषयी निष्कर्ष काढू नये.

म्हणून पहिली तपासणी यादी बाजूला ठेवून करावी. सगळे सुरळीत चालू असताना स्ट्रीमरचा आयपी ॲड्रेस टिपून ठेवावा. तो स्ट्रीमरच्या सेटिंगमध्ये किंवा राउटरच्या ‘जोडलेली उपकरणे’ या पानावर मिळतो. स्ट्रीमर दिसेनासा झाला की काहीही बंद-चालू न करता, ज्या वायफायवर मोबाईल आहे त्याच वायफायवरच्या संगणकावरून त्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहावे. पुष्कळ स्ट्रीमरना स्वतःचे वेबपान असते. ब्राउझरच्या पट्टीत तो पत्ता टाकला की ते उघडते. काही उपकरणे पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, यासाठी दोन्ही प्रयोग व्यवस्था ठीक असतानाही एकदा करून पाहिलेले असावेत, नाहीतर शांततेचा भलताच अर्थ लावला जाईल.

पिंगला ठणठणीत उत्तर आले तर स्ट्रीमरला हातही लावू नये. दोष खबर पोहोचवणाऱ्या वाटेत आहे. उत्तर कधी येते आणि कधी येत नाही असे असेल तर वायफायचा जोर किंवा केबल तपासावी. उत्तर मुळीच आले नाही तर राउटरच्या यादीत स्ट्रीमरचा पत्ता बदलला आहे का ते पाहावे. आणि स्ट्रीमरच्या पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे त्याने तो स्वतःच स्वतःला घेतला आहे असे समजावे. अशा वेळी यादीतल्या नावाचा प्रश्न पुढचा. आधी राउटर पत्ता का देत नाही ते शोधायला हवे.

दुसरी तपासणी वेळेची आहे, आणि माझ्या मते तिच्याइतकी उपयुक्त आणि तिच्याइतकी दुर्लक्षित गोष्ट या विषयात दुसरी नाही. स्ट्रीमर चालू केल्यापासून किती वेळाने तो यादीतून उतरतो हे घड्याळ पाहून लिहून ठेवावे. चालू केल्यावर छान दिसतो, चार-पाच मिनिटे सगळे सुरळीत चालते आणि मग तो गायब होतो, हा अनुभव पुष्कळांचा असतो आणि ‘स्ट्रीमर तापत असेल’ येथपासून ‘फर्मवेअर खराब आहे’ येथपर्यंत त्याची नाना कारणे सांगितली जातात. खरा संशय अशा वेळी नेटवर्क स्विचवर (अनेक लॅन केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीवर) किंवा राउटरवर घ्यायला हवा, आणि त्यातही आयजीएमपी स्नूपिंग नावाच्या सोयीवर.

ही सोय मुळात चांगल्या हेतूने आलेली आहे. मल्टिकास्टचा संदेश सगळ्या केबलींवर सरसकट सोडण्याऐवजी तो ज्यांनी मागितला आहे त्यांनाच द्यावा, म्हणजे बाकीच्यांवर बोजा पडत नाही, असा तिच्यामागचा विचार. स्ट्रीमर चालू होताना ‘मला २३९.२५५.२५५.२५० वरचे संदेश हवेत’ असे जाहीर करतो. स्विच ते मधल्या मध्ये ऐकतो आणि त्या केबलीची नोंद घेतो. ही नोंद मात्र कायमची नसते. नेटवर्कमधील कुणीतरी, बहुधा राउटरने, ठरावीक काळाने ‘अजून कोणाकोणाला हवे आहे?’ असे विचारायचे आणि उपकरणांनी पुन्हा होकार भरायचा अशी अपेक्षा असते. या विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. प्रमाणित हिशेबाप्रमाणे हा प्रश्न दर १२५ सेकंदांनी विचारला जातो आणि दोन फेऱ्या व वर दहा सेकंद, म्हणजे २६० सेकंद होकार आला नाही, तर नोंद काढून टाकली जाते. आता घरात स्नूपिंग करणारा स्विच आहे, पण प्रश्न विचारणारा कुणीच नाही, असे झाले तर? स्ट्रीमरला कुणी विचारत नाही, म्हणून तो होकार भरत नाही. त्याने होकार भरला नाही, म्हणून स्विच त्याची नोंद पुसतो. आणि चार मिनिटे वीस सेकंदांच्या आसपास ॲपची हाक त्याच्यापर्यंत जाणे बंद होते. कुठलेही उपकरण बिघडलेले नसते. प्रत्येकाने आपापले काम नियमाप्रमाणेच केलेले असते.

याच कारणामुळे बंद-चालू करण्याचा उपाय इतका लोकप्रिय झाला आहे. स्ट्रीमर पुन्हा चालू झाला की तो पुन्हा मागणी नोंदवतो, स्विच पुन्हा नोंद घेतो आणि आणखी चार मिनिटांची बेगमी होते. तेवढ्यात माणूस एखादा राग लावून खुर्चीत टेकतो. राग संपून पुढचा लावायला मोबाईल हाती घेतो तोवर यादी रिकामी झालेली असते.

या दोषाची आणखी एक खूण आहे. २२४.०.० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवरचे संदेश स्विचने अडवू नयेत, ते सर्वांना द्यावेत, अशी शिफारस आहे. २३९ च्या पत्त्यांना ही सवलत नाही. त्यामुळे तोच स्ट्रीमर एअरप्लेच्या यादीत दिसत राहतो आणि यूपीएनपीवर चालणाऱ्या ॲपमधून मात्र नाहीसा होतो. ‘एका ॲपमध्ये दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही’ असे कुणी सांगितले की पुष्कळजण दुसऱ्या ॲपला दोष देऊन मोकळे होतात. खरे म्हणजे हा फरकच कारणाकडे बोट दाखवत असतो. उपाय दोन : राउटरमध्ये किंवा स्विचमध्ये क्वेरिअरची सोय असेल तर ती चालू करावी, नसेल तर स्नूपिंग बंद करावे. घरातल्या चार-सहा उपकरणांत ते बंद केल्याने सहसा काही बिघडत नाही. अपवाद ज्यांच्याकडे दूरचित्रवाणीच्या वाहिन्या त्याच नेटवर्कवरून मल्टिकास्टने येतात त्यांचा. तिथे स्नूपिंग बंद केले तर चित्राचा सगळा लोंढा प्रत्येक केबलीवर आणि वायफायवरही उतरू शकतो. साध्या, कसलीही सेटिंग नसलेल्या स्विचमध्ये हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही, आणि महागडा ‘स्मार्ट’ स्विच आणल्यावर त्रास सुरू झाला असे सांगणाऱ्या माणसाला म्हणूनच हसू नये.

स्ट्रीमर चार मिनिटांनी न जाता अर्ध्या तासाच्या आगेमागे किंवा अनियमितपणे जात-येत असेल तर वायफायकडे पाहावे. वायफायवर एका उपकरणाला पाठवलेल्या संदेशाची पोच येते आणि पोच आली नाही तर तो पुन्हा पाठवला जातो; मल्टिकास्टला ही सोय नाही. राउटरकडून तो एकदाच, बहुधा सर्वांत संथ गतीने हवेत सोडला जातो, ज्याला मिळाला त्याला मिळाला. शेजारपाजारच्या वायफायची गर्दी असेल किंवा मोबाईल वीज वाचवण्यासाठी डुलकी घेत असेल तर तो हुकतो. दोन-तीन जाहीरनामे ओळीने हुकले की नोंदीची मुदत संपते आणि नाव उतरते. गाण्याच्या प्रवाहाला मात्र पोच आणि पुनर्प्रेषण दोन्ही असल्यामुळे तो बिनतक्रार चालू राहतो. ‘गाणे अडखळत नाही, म्हणजे वायफाय उत्तमच आहे’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. काही राउटरमध्ये मल्टिकास्टचे संदेश प्रत्येक उपकरणाला स्वतंत्रपणे पाठवण्याची सेटिंग असते. ती असेल तर जरूर लावून पाहावी.

राउटर बदलल्या दिवसापासून स्ट्रीमर एकदाही दिसला नाही, अशी तक्रार असेल तर ती सर्वांत सोपी समजावी. इंटरनेट कंपनीने बसवलेली पेटी स्वतःच राउटर असते आणि तिच्यापुढे आपण आपला राउटर लावतो. अशाने घरात नकळत दोन नेटवर्क तयार होतात. स्ट्रीमरचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि मोबाईलचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर बहुतेक हेच झालेले आहे. शोधाचे हे संदेश घरगुती राउटर सहसा ओलांडत नाहीत. आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न करता फक्त वायफाय पुरवू लागला, की दोन्ही एकाच अंगणात येतात. मोबाईल पाहुण्यांच्या वायफायवर असणे, किंवा उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे ‘आयसोलेशन’ चालू असणे, ही दोन कारणेही याच वर्गातली. २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या वायफायच्या दोन पट्ट्यांना एकच नाव दिल्यामुळे घोळ होतो असे वारंवार सांगितले जाते. एकच नाव हा काही दोष नाही, पण काही राउटर या दोन पट्ट्यांमध्ये मल्टिकास्ट नीट पोहोचवत नाहीत हे खरे आहे, आणि मोबाईल तात्पुरता स्ट्रीमरच्याच पट्टीवर नेऊन त्याची खात्री करून घेता येते.

घरातल्या एका मोबाईलवर स्ट्रीमर दिसतो आणि दुसऱ्यावर दिसत नाही, अशा वेळी राउटरच्या सेटिंग चिवडत बसण्याचे काहीच कारण नाही. दुसऱ्या मोबाईलवर व्हीपीएन (मोबाईलची वाहतूक बाहेरच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू आहे का ते पाहावे. आयफोन असेल तर २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला घरातील नेटवर्क धुंडाळण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ॲप पहिल्यांदा उघडताना आलेल्या खिडकीवर घाईने ‘नाही’ म्हटले गेले असेल तर ते ॲप पुढे काहीच न सांगता रिकामी यादी दाखवत राहते. ही परवानगी सेटिंगमधील गोपनीयतेच्या विभागात, ‘लोकल नेटवर्क’ या नावाखाली सापडते. अँड्रॉइडवर ॲपला वीजबचतीच्या बंधनातून मोकळे करून पाहावे.

रात्री ठीक होता, सकाळी नाही, हा प्रकार बहुधा स्टँडबायचा असतो. गाणे थांबल्यावर काही वेळाने स्ट्रीमर आपोआप झोपतो आणि त्या झोपेत नेटवर्क चालू ठेवायचे की नाही याची वेगळी सेटिंग असते. ती विजेच्या बचतीसाठी कारखान्यातूनच बंद ठेवलेली असू शकते.

येथे एका प्रचलित समजुतीविषयी लिहिणे भाग आहे. स्ट्रीमरला कायमचा आयपी ॲड्रेस दिला की तो कधीच नाहीसा होत नाही, असे ठासून सांगितले जाते. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवावा असे मीही म्हणेन, कारण वर सांगितलेली पिंगची तपासणी त्यामुळे सोपी होते आणि दोन उपकरणांना एकच पत्ता मिळण्याचा धोका टळतो. पण मल्टिकास्टची वाट बंद असेल तर पत्ता कायमचा असला काय आणि नसला काय, ॲपला तो कळणारच नाही. शिवाय पत्ता स्ट्रीमरमध्ये हाताने भरला आणि तो राउटरच्या वाटपाच्या पल्ल्यातलाच निघाला, तर तोच पत्ता दुसऱ्या उपकरणाला मिळून नवेच दुखणे उभे राहते. राखीव ठेवायचा तर राउटरमध्येच ठेवावा.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. यूपीएनपीच्या रचनेत तीन भूमिका असतात : गाण्यांचा साठा ठेवणारा सर्व्हर, ती वाजवणारा स्ट्रीमर आणि दोघांना हुकूम देणारे ॲप. ‘सिस्टिम दिसत नाही’ असे म्हणताना यांपैकी नेमके कोण दिसत नाही ते पाहावे. सर्व्हर विंडोजच्या संगणकावर असेल आणि राउटर नुकताच बदलला असेल, तर विंडोज त्या नेटवर्कला अनोळखी समजून ‘पब्लिक’ ठरवते आणि त्याचा फायरवॉल बाहेरून येणारी हाक अडवतो. मग स्ट्रीमर यादीत शाबूत असतो, गाण्यांचे कपाट तेवढे रिकामे दिसते. ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केले की बहुधा काम होते.

जे उपकरण वर्षानुवर्षे एकाच जागी राहणार आहे त्याला केबल द्यावी, या मताचा मी आहे आणि मेशचे (घरभर वायफाय पसरवणारे) तीन डबे विकत घेण्याआधी एक लांब केबल टाकून पाहावी असे सुचवतो. मात्र केबल म्हणजे रामबाण नव्हे. मोबाईल वायफायवरच राहतो, त्यामुळे हाक वायफायवरून केबलीवर आणि उत्तर केबलीवरून वायफायवर जावेच लागते, आणि पुष्कळदा अडचण नेमकी याच सांध्यात असते. केबल लावल्यावर स्ट्रीमरचे वायफाय बंद झाले आहे ना, हेही पाहावे; दोन्ही चालू राहिले तर त्याला दोन पत्ते मिळून ॲपचा गोंधळ उडू शकतो.

आता फॅक्टरी रीसेटविषयी. रीसेटने स्ट्रीमरमधील नेटवर्कची माहिती, संगीतसेवांची खाती, आवाजाची मर्यादा आणि खोलीनुसार केलेली जुळणी हे सगळे पुसले जाते. आणि वर सांगितलेल्या कारणांपैकी जवळजवळ एकही कारण स्ट्रीमरच्या आत नाही. प्रसंगी रीसेटने होते ते नुकसान भरून काढणेही आपल्या हाती राहत नाही. ९ मार्च २०२५ रोजी गूगलची दुसऱ्या पिढीतील क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ ही उपकरणे जगभर एकाच वेळी निकामी झाल्यासारखी वागू लागली. त्यांची ओळख पटवणाऱ्या साखळीतील एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशी संपली होती. घरोघरच्या राउटरचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. उपकरण रीसेट करू नका, असे गूगलला जाहीरपणे सांगावे लागले. दुरुस्ती काही दिवसांत आपोआप उपकरणांत उतरली. परंतु ज्यांनी सवयीने आधीच रीसेट केले होते त्यांना उपकरण पुन्हा जोडताच येईना आणि त्यांना वेगळ्या दुरुस्तीसाठी थांबावे लागले. आपल्या सदरातील तिसरी सूचना त्या आठवड्यात कुणी पाळली असती तर चालणारा उपाय त्याने आपल्या हाताने लांबवला असता.

खरे गाऱ्हाणे उपकरणे बनवणाऱ्यांकडेच मांडायला हवे. ॲपला स्ट्रीमरचा कालचा पत्ता माहीत असतो. आज जाहीर हाकेला उत्तर आले नाही तर त्या पत्त्यावर थेट विचारून पाहणे मुळीच अवघड नाही; यूपीएनपीच्या २००८ मधील १.१ या आवृत्तीत तर अशा थेट विचारणेची तरतूदच आहे. तरीही बहुतेक ॲप नाव सरळ पुसून टाकतात आणि ‘तुमचे वायफाय तपासा’ असे सांगून हात झटकतात. त्याऐवजी नाव फिकट करून तिथेच ठेवावे, खाली शेवटची गाठ केव्हा पडली ती वेळ आणि तेव्हाचा पत्ता लिहावा, आणि पत्ता हाताने भरण्यासाठी एक चौकट द्यावी. ही चौकट काही ॲपमध्ये आहे. जिथे आहे तिथे अर्ध्याहून अधिक त्रास परस्पर मिटतो, असा माझा अनुभव आहे. माहितीपुस्तिकेत बारा भाषांत सुरक्षिततेच्या सूचना छापणाऱ्यांना, हे उपकरण कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या पत्त्यावर स्वतःला जाहीर करते, एवढी एक ओळ छापणे जड जाऊ नये.

तोवर ग्राहकसेवेला पत्र लिहिणाऱ्यांनी ‘सापडत नाही’ एवढेच न लिहिता चार गोष्टी कळवाव्यात : चालू केल्यापासून किती वेळाने नाव उतरते, त्या वेळी पिंगला उत्तर येते का, कोणत्या ॲपमध्ये आणि कोणत्या मोबाईलवर ते दिसते व कोणत्यात नाही, आणि स्ट्रीमरपासून राउटरपर्यंत मध्ये काय काय आहे. एवढी माहिती हाती आल्यावर ‘रीसेट करून पाहा’ हे ठरावीक उत्तर पाठवणे समोरच्यालाही कठीण जाते. सदरलेखकांनी पुढच्या वेळी या विषयाकडे वळताना बंद-चालू करण्याच्या सूचनेआधी घड्याळ आणि पिंग या दोन तपासण्यांना जागा द्यावी, अशी त्यांना विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक